बैलजोडीच्या राज्यात ठाण्याचा कौल

१९५७ च्या दुसऱ्या सार्वत्रिक निवडणुकीत काँग्रेसने देशभर मतेही वाढवली आणि जागाही. पहिल्या निवडणुकीत ४८९ पैकी ३६४ जागा होत्या, त्या ४९४ पैकी ३७१ झाल्या. मते ४५ टक्क्यांवरून ४८ टक्क्यांच्या घरात गेली. विरोधकांत सर्वांत मोठा पक्ष कम्युनिस्ट, त्याच्या जागा अवघ्या २७. दिल्लीत बसून पाहणाऱ्याला हा एकछत्री अंमल वाटला यात नवल नाही. पण याच निवडणुकीत ठाणे मतदारसंघाने आपल्या दोन्ही जागा कम्युनिस्टांच्या पदरात टाकल्या. शामराव परुळेकर आणि लक्ष्मण महादू मातेरा लोकसभेत गेले. पाच वर्षांपूर्वी याच मतदारसंघाने काँग्रेसचे दोघे निवडून दिले होते आणि पुढच्या पाच वर्षांनी जिल्हा पुन्हा काँग्रेसकडेच गेला. दहा वर्षांत तीन निवडणुका आणि दोन कोलांट्या! एकाच पक्षाच्या वर्चस्वाचा काळ म्हणून जो पाठ्यपुस्तकांत शिकवला जातो, तो इथल्या मतदाराने असा जगला.

हा आढावा मी वटारच्या बाजूने घेतो आहे. वसई तालुक्याच्या पश्चिम पट्ट्यातले हे बागायतीचे गाव. नाळे, राजोडी, निर्मळ ही शेजारची गावे. केळी, पानवेली, फुले, भाजीपाला हा जुना व्यवसाय. देवळे आणि चर्च दोन्ही हाकेच्या अंतरावर. सामवेदी ख्रिस्ती आणि हिंदू शेतकऱ्यांची बोली एकाच मुळातली. निवडणुकीच्या अहवालांत वटारने कुणाला किती मते दिली ते सापडत नाही, कारण ते अहवाल मतदारसंघापाशी थांबतात. पण वटारसारखे गाव कोणत्या मतदारसंघात होते, त्याच्यापुढे कोणत्या पेट्या मांडल्या होत्या आणि त्या पेट्यांमागे कोणते प्रश्न उभे होते, हे सांगता येते. तेवढ्यावरही ‘एका पक्षाचे वर्चस्व’ या शब्दांची बरीच चिरफाड करता येते.

पहिली निवडणूक २५ ऑक्टोबर १९५१ ला हिमाचलातल्या ‘चिनी’ नावाच्या तहसिलीत सुरू झाली आणि फेब्रुवारी १९५२ पर्यंत चालली. मतदार सतरा कोटींवर, बहुतेक निरक्षर. मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी तोडगा काढला तो आज विचित्र वाटेल. मतपत्रिकेवर शिक्का मारायचाच नव्हता. प्रत्येक उमेदवाराची वेगळी लोखंडी पेटी, तिच्यावर त्याचे चिन्ह. मतदाराने आडोशाच्या आत जाऊन आपली कोरी चिठ्ठी हव्या त्या पेटीत टाकायची. लाखोंनी पेट्या लागल्या. त्यांतल्या बारा लाखांहून अधिक विक्रोळीच्या गोदरेज कारखान्यात तयार झाल्या. काँग्रेसची बैलजोडी, समाजवाद्यांचे झाड, कम्युनिस्टांचा कणीस-विळा, शेड्यूल्ड कास्ट फेडरेशनचा हत्ती, जनसंघाची पणती. चिन्हांच्या बाबतीत काँग्रेस नशीबवान होती, हे मान्य करायला हवे. ज्या देशात दर चौथ्या अंगणात बैल बांधलेला, तिथे बैलजोडीची ओळख करून द्यावी लागत नाही. उत्तरेत अठ्ठावीस लाखांच्या आसपास बायकांची नावे मतदार यादीतून गाळावी लागली, कारण त्यांनी स्वतःचे नाव न सांगता ‘अमक्याची आई’, ‘तमक्याची बायको’ एवढेच सांगितले होते.

ठाण्याची गोष्ट समजायची तर दोन जागांचा मतदारसंघ ही आता विसरली गेलेली व्यवस्था समजून घ्यावी लागते. अनुसूचित जाती-जमातींसाठी जागा राखायच्या, पण मतदारसंघ वेगळे करायचे नाहीत, म्हणून काही मतदारसंघ दुहेरी केले गेले. एक जागा सर्वसाधारण, एक राखीव. प्रत्येक मतदाराला दोन मते. दोन्ही एकालाच देता येत नसत. ठाणे मतदारसंघ असाच दुहेरी होता आणि त्याची राखीव जागा आदिवासींची होती. म्हणजे किनाऱ्यावरचा वाडीवाला आणि डोंगरातला वारली हे दोघे मिळून तेच दोन खासदार निवडत. आज पालघर लोकसभा मतदारसंघात हे दोघे पुन्हा एकत्र आहेत, पण खासदार एक आणि जागा राखीव. तेव्हाची सोय जास्त न्याय्य होती की जास्त गुंतागुंतीची, यावर वाद घालता येईल. ती फसवी होती, हे मात्र पहिल्याच निवडणुकीत दिसले.

उत्तर मुंबईच्या दुहेरी मतदारसंघात राखीव जागेवर डॉ. बाबासाहेब आंबेडकर काँग्रेसच्या नारायण काजरोळकरांकडून सुमारे साडेचौदा हजार मतांनी हरले. तिथे ७४ हजारांवर मते बाद ठरली होती. विरोधकांनी दुसरे मत मुद्दाम वाया घालवायला लावले, या तक्रारीवर आंबेडकर आणि समाजवादी अशोक मेहता यांनी मिळून निवडणुकीला आव्हान दिले. पण ते टिकले नाही. दुसरीकडे, १९५७ मध्ये आंध्रातल्या पार्वतीपुरम मतदारसंघात दोन्ही जागा आदिवासी उमेदवारांनी जिंकल्या, आणि हरलेल्या व्ही. व्ही. गिरींनी सर्वोच्च न्यायालयापर्यंत दाद मागूनही निकाल त्यांच्या विरुद्धच गेला. १९६१ मध्ये कायद्याने दुहेरी मतदारसंघ मोडीत काढले ते यामुळेही.

१९५२ मध्ये मुंबई राज्यातल्या लोकसभेच्या ४५ पैकी ४० जागा काँग्रेसला, विधानसभेच्या ३१५ पैकी २६९. या विधानसभेत काँग्रेसची मते होती जेमतेम निम्मी. देशातही तसेच, ४५ टक्के मतांत जवळपास तीन चतुर्थांश जागा. समाजवादी पक्ष आणि किसान मजदूर प्रजा पक्ष यांना मिळून सोळा टक्क्यांवर मते होती, जागा मात्र एकवीस. आणि सव्वातीन टक्के मतांच्या कम्युनिस्टांना सोळा. विखुरलेल्या मतांना आपली निवडणूक पद्धत अशी शिक्षा देते. एकपक्षीय वर्चस्वाचा बराचसा भाग या गणितातून आला, लोकांच्या एकमताचे त्यात वाटते तेवढे श्रेय नाही. गंमत म्हणजे या लाटेतही मोरारजी देसाई बलसाड-चिखली मतदारसंघात एका समाजवाद्याकडून एकोणीस मतांनी पडले. पक्षाने त्यांनाच मुख्यमंत्री केले. पराभूत माणूस राज्याचा प्रमुख होतो तेव्हा मतदाराला काय वाटले असेल, याची काळजी करण्याची गरजच तेव्हाच्या काँग्रेसला नव्हती.

ठाण्यात १९५२ मध्ये काँग्रेसने गोविंद धर्माजी तथा अण्णासाहेब वर्तक यांना सर्वसाधारण जागेवर उभे केले. ते वसई तालुक्यातले आणि आधीच्या खेर मंत्रिमंडळात स्थानिक स्वराज्य खात्याचे मंत्री राहिलेले. राखीव जागेवर अनंत सावळाराम नांदकर. दोघेही निवडून आले. वटारच्या मतदारापुढे पहिल्याच निवडणुकीत आपल्याच तालुक्यातला माणूस होता. त्यामुळे या निकालात नेहरूंची लाट किती आणि घरच्या माणसाची ओळख किती, हे वेगळे काढणे अवघड आहे. मला दुसऱ्या गोष्टीचे वजन जास्त वाटते. त्या काळचे काँग्रेसचे बळ नेहरूंच्या भाषणांत जेवढे होते तेवढेच प्रत्येक तालुक्यातल्या एखाद्या वर्तकांत होते. शाळा काढणारा, बोर्डात बसलेला, सोसायटीला मदत करणारा असा माणूस.

मग पाच वर्षांत असे काय झाले?

१६ जानेवारी १९५६ ला नेहरूंनी मुंबई शहर केंद्राच्या ताब्यात ठेवण्याचा निर्णय जाहीर केला. त्याआधी नोव्हेंबर १९५५ मध्ये आणि त्यानंतर जानेवारीत मुंबईत गोळीबार झाले; शंभराच्या आसपास माणसे मेली. मुख्यमंत्री मोरारजी होते. ६ फेब्रुवारीला पुण्यात टिळक स्मारक मंदिरात केशवराव जेध्यांच्या अध्यक्षतेखालच्या बैठकीत संयुक्त महाराष्ट्र समिती स्थापन झाली. केंद्रीय अर्थमंत्री चिंतामणराव देशमुख, कुलाब्याचे काँग्रेसचे खासदार, मुंबईच्या प्रश्नावर मंत्रिमंडळातून बाहेर पडले. शेवटी १ नोव्हेंबर १९५६ पासून मुंबईसह सगळा गुजरात, सौराष्ट्र, विदर्भ आणि मराठवाडा एकत्र करून विशाल द्वैभाषिक राज्य उभे राहिले आणि यशवंतराव चव्हाण त्याचे मुख्यमंत्री झाले.

समितीचा इतिहास लिहिताना पुणे आणि गिरणगाव यांच्यावरच लेखणी रेंगाळते. वसईच्या पट्ट्यात हा प्रश्न भावनेचा होताच, पण तो बाजाराचाही होता. १९३६ पासून विजेवरची गाडी विरारपर्यंत येत होती. इथली फुले, पाने, भाजी, केळी आणि दूध पहाटेच्या गाडीने मुंबईला जायचे आणि पैसा संध्याकाळी परत यायचा. वसईच्या खाडीपलीकडे काही मैलांवर दिल्लीच्या अखत्यारीतले वेगळे शहर उभे राहील, ही कल्पना पुण्याच्या सभेत जेवढी अपमानाची, तेवढीच इथल्या वाडीवाल्याला चिंतेची वाटावी अशी होती. उत्तरेकडे डांग आणि उंबरगाव कुणाचे, हा वादही याच जिल्ह्याच्या अंगणात होता. १९६० मध्ये उंबरगाव तालुक्यातली बरीच गावे गुजरातला गेली आणि ठाणे जिल्ह्याची उत्तर सीमा बदलली.

समिती ही आघाडी होती. प्रजा समाजवादी, कम्युनिस्ट, शेतकरी कामगार पक्ष, शेड्यूल्ड कास्ट फेडरेशन आणि अगदी जनसंघसुद्धा एका मागणीखाली उभे होते. घटक पक्ष आपापल्या चिन्हांवर लढले. त्यामुळे मतदाराला संयुक्त महाराष्ट्र हवा असेल तर त्याला त्याच्या जिल्ह्यात समितीने ज्या पक्षाला जागा सोडली त्या पक्षाच्या पेटीत चिठ्ठी टाकावी लागे. परिणाम पाहा. रत्नागिरीतून जनसंघाचे प्रेमजीभाई आसर, राजापूरहून प्रजा समाजवादी नाथ पै, कुलाब्यातून शेतकरी कामगार पक्षाचे राजाराम राऊत, ठाण्यातून दोघे कम्युनिस्ट. मुंबई वगळली तर कोकण किनाऱ्यावर काँग्रेसला लोकसभेची एकही जागा राहिली नाही. एकाच किनाऱ्याने एकाच वेळी पणतीही निवडली आणि कणीस-विळाही. हा कौल पक्षांना दिलेला नव्हता, हे याहून स्वच्छ कसे दिसावे? पुण्यात तर काकासाहेब गाडगीळ पडले. संयुक्त महाराष्ट्राची बाजू त्यांनी लोकसभेत मांडली होती, पण ते काँग्रेसमध्ये राहिले एवढा गुन्हा पुरला. तिथे नानासाहेब गोरे आले. केशवराव जेधे बारामतीहून, नाशिकहून दादासाहेब गायकवाड, साताऱ्यातून क्रांतिसिंह नाना पाटील आणि मध्य मुंबईतून डांगे. आचार्य अत्रे दादरहून विधानसभेत गेले. खुद्द यशवंतराव कऱ्हाडला थोडक्यात वाचले.

पण ठाण्याच्या बाबतीत एवढ्यावर विषय संपवणे म्हणजे डोंगरातल्या मतदाराला किनाऱ्याची सावली मानणे. मुंबई राज्यातून कम्युनिस्टांचे चार खासदार आले, त्यांतले दोन एकट्या ठाण्याचे. हे समितीच्या वाऱ्याने एकट्याने झाले नाही. शामराव आणि गोदावरी परुळेकर १९४५ पासून उंबरगाव-डहाणूच्या वारल्यांमध्ये काम करत होते. वेठबिगार आणि लग्नगडी (लग्नाच्या कर्जापायी राबणे) या प्रथांविरुद्धचा तो लढा, १० ऑक्टोबर १९४५ चा तलवाड्याचा गोळीबार आणि त्यात मेलेले जेठ्या गांगड यांची आठवण अकरा वर्षांनीही ताजी होती. गोदावरीबाईंनी पुढे ‘जेव्हा माणूस जागा होतो’ हे पुस्तक त्याच लढ्यावर लिहिले आणि त्याला साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. शामराव १९३७ मध्ये आंबेडकरांच्या स्वतंत्र मजूर पक्षाकडून मुंबई विधिमंडळात निवडून आलेले गृहस्थ. निवडणूक त्यांना नवी नव्हती.

म्हणजे १९५७ च्या ठाण्यात दोन वेगळी मते एका पेटीत पडली. किनाऱ्यावरच्या मताला मुंबई हवी होती, डोंगरातल्या मताला सावकार आणि जमीनदाराविरुद्ध उभा राहणारा पक्ष हवा होता. दुहेरी मतदारसंघामुळे ही दोन मते एकमेकांच्या उपयोगी पडली. वाडीवाल्याच्या एका चिठ्ठीने वारल्याचा उमेदवार निवडून आला आणि वारल्याच्या चिठ्ठीने संयुक्त महाराष्ट्राचा आकडा वाढला. ज्या व्यवस्थेने मुंबईत आंबेडकरांना पाडले तिनेच ठाण्यात काँग्रेसला पाडले. त्याच वर्षी एप्रिलमध्ये केरळात नंबुद्रीपादांचे कम्युनिस्ट सरकार आले आणि देशभर त्याची चर्चा झाली. ठाण्याच्या दोन जागांची फारशी कुणी केली नाही.

या सगळ्यातून काँग्रेसची सत्ता गेली का? नाही. ३९६ पैकी २३४ जागा घेऊन ती द्वैभाषिकात परत आली. पश्चिम महाराष्ट्रात तिचा धुव्वा उडाला. तिला तारले विदर्भाने, मराठवाड्याने आणि गुजरात-सौराष्ट्राने. आणि गुजरातेतही महागुजरातच्या मागणीचे इंदुलाल याज्ञिक अंगावर आलेच होते. समिती ज्या द्वैभाषिकाला मोडायला निघाली होती, त्या द्वैभाषिकानेच काँग्रेसचे बहुमत राखले. राज्याची सीमा कुठे आखायची हे ज्याच्या हातात, बहुमत कुठून येणार हेही काही प्रमाणात त्याच्याच हातात असते. त्या दशकातल्या वर्चस्वाची ही बाजू मला सर्वांत कमी लिहिली गेलेली वाटते. मते, नेते, पुण्याई या सगळ्यांवर आपण लिहितो; नकाशा कुणी काढला ते विसरतो.

तरीही काँग्रेसने घाबरून दिशा बदलली, हे तिच्या खात्यात मांडायला हवे. मे १९५७ मध्ये मुंबई महापालिकाही समितीने जिंकली आणि प्रा. मो. वा. दोंदे महापौर झाले. ३० नोव्हेंबरला प्रतापगडावर शिवछत्रपतींच्या पुतळ्याचे अनावरण करायला आलेल्या नेहरूंना समितीच्या निदर्शकांची गर्दी पाहावी लागली. १ मे १९६० ला महाराष्ट्र झाला. लगेच समितीत फाटाफूट सुरू झाली, कारण एका मागणीवर बांधलेल्या आघाडीची मागणी पुरी झाली की उरते काय? १९६२ च्या निवडणुकीत काँग्रेसने महाराष्ट्रात लोकसभेच्या ४४ पैकी ४१ आणि विधानसभेच्या २६४ पैकी २१५ जागा घेतल्या. शेतकरी कामगार पक्षाची बरीच मंडळी यशवंतरावांच्या काँग्रेसमध्ये सामावली. जिल्हा परिषदा आणि सहकारी साखर कारखान्यांतून नव्या कार्यकर्त्यांना जागा मिळाल्या.

ठाण्यात १९६२ मध्ये दुहेरी मतदारसंघ गेला. ठाण्यातून काँग्रेसचे सोनूभाऊ बसवंत आले, आणि नव्या भिवंडी राखीव मतदारसंघातून काँग्रेसचेच यशवंतराव मुकणे. जव्हार संस्थानचे शेवटचे राजे! ज्या आदिवासी जागेवर पाच वर्षांपूर्वी कम्युनिस्ट मातेरा होते, तिच्या वारसदार जागेवर आता राजेसाहेब आले. लढ्यातून आलेला आदिवासी प्रतिनिधी आणि राजवाड्यातून आलेला आदिवासी प्रतिनिधी या दोघांना कायदा एकाच रकान्यात टाकतो. मतदारानेही पाच वर्षांच्या अंतराने दोघांनाही निवडले. शामराव परुळेकर १९६५ मध्ये स्थानबद्धतेत असतानाच वारले.

राज्यशास्त्रज्ञ रजनी कोठारी यांनी १९६४ मध्ये या काळाला ‘काँग्रेस व्यवस्था’ म्हटले. त्यांचे म्हणणे असे की काँग्रेस हा सहमतीचा पक्ष आणि विरोधी पक्ष हे दबावाचे पक्ष. ते सत्तेत येत नाहीत, पण सत्ताधाऱ्यांच्या आतल्या गटांमार्फत धोरण वळवतात. पुढे सगळ्यांनी ही मांडणी उचलली. महाराष्ट्रापुरते ती निम्मी खरी आहे. दबाव इथे कामी आला, पण पक्षातल्या आतल्या गटांमार्फत नाही. देशमुखांचा राजीनामा, काँग्रेसच्याच शंकरराव देवांची धडपड, गाडगीळांची भाषणे हा सगळा आतला दबाव १९५६ पर्यंत वाया गेला होता. मतपेट्या उघडल्यावरच पक्षश्रेष्ठींचे कान उघडले. सहमतीच्या पक्षाला सहमतीची आठवण पराभवानेच होते. जपानात १९५५ पासून लिबरल डेमोक्रॅटिक पक्ष जवळजवळ चार दशके सत्तेत राहिला, मेक्सिकोत पीआरआय सत्तर वर्षे. त्यांच्याशी तुलना होते ती दिल्लीपुरती. मेक्सिकोत प्रांतच्या प्रांत एका झटक्यात सत्ताधाऱ्यांना मोकळे करत नव्हते.

पुढचे थोडक्यात. परुळेकरांनी पेरलेले पूर्णपणे उखडले नाही. १९७७ मध्ये डहाणू लोकसभेवर मार्क्सवादी लहानू कोम आले आणि २०१९ व २०२४ मध्ये डहाणू विधानसभेतून त्याच पक्षाचे विनोद निकोले. वसईला पुढे मुंबई उत्तर लोकसभा मतदारसंघात घातले गेले आणि ती राम नाईकांच्या मतदारसंघाचा भाग राहिली. पालघर राखीव मतदारसंघ २००९ मध्ये आला, पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ ला. तालुक्यात हितेंद्र ठाकूरांच्या गटाचे एकपक्षीय वर्चस्व सुरू झाले, तेही २००९ मध्ये गावे महापालिकेत घालण्याच्या प्रश्नावर विवेक पंडितांनी एकदा उलथवलेच. प्रश्न असला की इथला मतदार लाटेला भीत नाही, ही सवय जुनी आहे.

ज्यांनी १९५७ मध्ये ती चिठ्ठी पेटीत टाकली त्यांचे वय तेव्हा किमान एकवीस होते. म्हणजे आज ती माणसे नव्वदीच्या आसपास आहेत. वटार, नाळे, राजोडी, निर्मळ या गावांत असे काही आजी-आजोबा अजून असतील. बैलजोडीच्या शेजारी कणीस-विळ्याची पेटी पाहून त्यांनी काय ठरवले, घरात कुणी काय सांगितले, चर्चच्या किंवा देवळाच्या आवारात काय बोलणे झाले, हे निवडणूक आयोगाच्या कुठल्याही अहवालात नाही. ज्यांच्या घरी अशी माणसे आहेत त्यांनी ते या वर्षी विचारून लिहून ठेवावे, पुढच्या वर्षीपर्यंत थांबू नये.